खांद्याच्या दुखापतीची डिसॅबिलिटी पेन्शन: या चुका टाळा

उजवा हात डोक्यापर्यंत जात नाही म्हणून तो डाव्या हाताने केस विंचरतो. बावीस वर्षं फौजेत काढून नायक या हुद्द्यावरून पेन्शनीला आलेला आमच्या सातारा भागातला जवान. लष्कराच्या मेडिकल बोर्डाच्या (तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या) कागदावर मात्र लिहिलंय, ‘खांद्याची हालचाल जवळजवळ पूर्ण’. अपंगत्वाची टक्केवारी वीसच्या खाली, आणि पुढे तेच ठरलेलं वाक्य: आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. त्याचा खांदा मी रोज बघतो, दुखण्याबद्दल मला शंका नाही. कमी पडले ते कागद.

माझी नोकरी क्लार्कची. पेन्शनीला आल्यापासून गावातल्या जवानांच्या फायली बघतो. खांद्याच्या केसेस त्याच त्या चार-पाच जागी अडकलेल्या दिसतात. डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनीतला अपंगत्वाचा भाग, मिळायला दोन गोष्टी लागतात: दुखणं सेवेमुळे झालं किंवा सेवेमुळे वाढलं हे मान्य व्हायला हवं, आणि टक्केवारी २० किंवा त्याहून जास्त हवी.

पहिल्या दिवशीचा कागद

खांदा पहिल्यांदा निखळतो तो ऑब्स्टॅकलवर, बॉक्सिंगमध्ये, नाहीतर संध्याकाळच्या व्हॉलीबॉलला. जवान एम. आय. रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जातो, खांदा बसवून घेतो, दोन गोळ्या घेतो आणि परत ड्यूटीवर. कॅटेगरी लागली, म्हणजे मेडिकल दर्जा खाली आला, तर प्रमोशन अडेल, कोर्स जाईल, ही भीती असते. भीती खोटी नाही, तिच्यापायी कागद मात्र राहून जातो. तरुणपणी एकदा निखळलेला खांदा पुन्हा पुन्हा निखळू शकतो. सांध्याच्या कडेची कूर्चा पुढून फाटते, त्याला डॉक्टर बँकार्ट लिजन म्हणतात. आठ वर्षांनी ऑपरेशनची वेळ येते तेव्हा बोर्ड विचारतो, सुरुवात कुठे झाली? उत्तराला कागद नसतो.

तो कागद म्हणजे इंज्युरी रिपोर्ट, आय.ए.एफ.वाय.-२००६. तारीख, जागा, काम काय चालू होतं, साक्षीदार कोण, आणि जखमी माणूस ड्यूटीवर होता की नाही यावर सी.ओ.चं (युनिटच्या प्रमुख अधिकाऱ्याचं) मत, हे सगळं त्यात येतं. युनिटने ठरवलेले खेळ आणि पी.टी. ड्यूटीतच धरतात, त्यामुळे ‘खेळताना लागलं, काय मिळणार’ म्हणून गप्प बसू नका. सुट्टीत घरी शेतात पडलात तर गोष्ट वेगळी, तिथे सेवेशी संबंध दाखवणं अवघड. सुट्टीवर जाता-येतानाचा अधिकृत प्रवास मात्र वेगळा, तो ड्यूटीत धरला जातो.

रिपोर्ट झालाच नसेल तर? हॉस्पिटलची ॲडमिशन-डिस्चार्ज स्लिप, एम. आय. रूमची नोंद, पार्ट टू ऑर्डर (युनिटने काढलेली सेवेतल्या घटनांची अधिकृत नोंद) आणि त्या वेळच्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं गोळा करा. आपल्याच मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत माहिती अधिकारात मागता येते. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

आणि प्रत हाती आली की आधी बाजू तपासा, उजवा की डावा. आमच्या नायकाच्या बाबतीत तेच निघालं. ऑपरेशन उजव्या खांद्याचं, पण सर्वात जुन्या स्लिपवर ‘लेफ्ट शोल्डर’. कुणीतरी घाईत लिहिलं असेल. अशी एक ओळ दुरुस्त न होता राहिली, तर पुढचा वाचणारा दोन वेगळी दुखणी समजतो.

बोर्डासमोरची शिस्त

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. डॉक्टर साहेब म्हणतात, हात वर करा. जवान दात-ओठ खाऊन हात कानाला लावतो. काही त्रास? ‘नहीं सर, ठीक है.’ वीस वर्षं हेच शिकलेलं असतं. निरोगी खांदा १८० अंशांपर्यंत वर जातो. तुम्ही जोर लावून १६० पर्यंत नेलात तर कागदावर १६० च उतरणार. जिथे कळ सुरू होते तिथे थांबा आणि तोंडाने सांगा. खांदा आजवर किती वेळा निखळला, शेवटचा कधी, झोपेत निखळतो का, रायफल खांद्याला लावता येते का, पाठपिशवीचा पट्टा कुठे रुततो, हे घरून कागदावर लिहून न्या. वाढवून सांगू नका. शर्ट काढताना तुमचा हात कुठवर जातो हे डॉक्टर बघत असतात, आणि तिथे विश्वास गेला की बाकीचंही जातं.

रिलीज मेडिकल बोर्डाच्या (फौजेतून बाहेर पडतानाच्या तपासणीच्या) ए.एफ.एम.एस.एफ.-१६ या फॉर्ममध्ये तुमचं स्वतःचं निवेदन असतं. ते वाचल्याशिवाय सही करू नका. लहानपणी झाडावरून पडल्याची गोष्ट विचारली तर लपवू नका, पण अर्धवटही सांगू नका. दोन दिवसांत बरं वाटलं होतं आणि भरतीत बीमवर लटकून पुलअप्स काढले, हेही सोबत नोंदवून घ्या. नुसतं ‘शोल्डर पेन’ असं निदान असेल तर एम.आर.आय.च्या आधारे नेमकं निदान लिहायची विनंती करा. खांदा जखडलेला असेल आणि शुगरही असेल, तर बोर्ड दोष शुगरवर टाकू शकतो. दुखापत शुगरच्या आधीची असल्याचे कागद अशा वेळी फार कामाला येतात.

अपिलात विनवण्या नकोत

‘मी गरीब शेतकऱ्याचा मुलगा, मेहेरबानी व्हावी’ अशी अपिलं मी पुष्कळ वाचली आहेत. वाचून पोटात तुटतं, पण बोर्डाने कारण काय दिलं आणि ते कुठे चुकलं, हे त्यात नसतं. कधी ‘पीस स्टेशनला (शांततेच्या भागातल्या ठाण्यावर) सुरू झालेला आजार’ एवढंच लिहून दावा फेटाळलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात २ जुलै २०१३ रोजी सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर कल जवानाच्या बाजूने धरायचा, आणि उलट मत असेल तर बोर्डाने कारणं द्यायची. बोर्डाने नीट कारणं दिली असतील तर एवढ्या आधारावर भागत नाही. ‘सेवेमुळे झालं’ आणि ‘निदान सेवेमुळे वाढलं’, दोन्ही मुद्दे मांडा. दुसरा मुद्दा पुष्कळ जण विसरतात. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू आहेत. त्यानंतर बाहेर पडलेल्यांनी आपला दावा त्यांच्याशी ताडून बघावा.

त्याआधीच्यांसाठी हिशेब सांगतो. शेवटचा पगार ४०,००० असेल तर १०० टक्क्यांना डिसॅबिलिटी एलिमेंट त्याच्या ३० टक्के, म्हणजे १२,०००. वीस टक्के डिसॅबिलिटीला २,४००. पण राउंडिंगमध्ये ५० पेक्षा कमीचं ५० धरतात, म्हणजे ६,०००, वर महागाई भत्ता. राम अवतार प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने हा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिला. एलिमेंट मिळतं, पण राउंडिंग झालेलं नाही, असे कितीतरी जण आजही भेटतात. तुमचा पी.पी.ओ. (पेन्शन मंजुरीचा आदेश) काढून बघा. दुसऱ्या बाजूने, सिव्हिल हॉस्पिटलचं ४० टक्क्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र आणलं म्हणजे काम झालं असं धरू नका. ते पुरावा म्हणून जोडता येतं, मेडिकल बोर्डाची जागा घेत नाही.

नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत, ते फेटाळलं की पुन्हा सहा महिन्यांत दुसरं. पत्राचं पाकीटही जपून ठेवा, त्यावर पोस्टाचा शिक्का असतो. त्यानंतर सशस्त्र बल न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी मुंबईचं खंडपीठ आहे. वर्षानुवर्षं उशीर झाला असेल तरी दार बंद होत नाही, कारण पेन्शनचं नुकसान दर महिन्याला नव्याने होतं. थकबाकी मात्र अर्ज करण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच धरली जाऊ शकते, २००८ च्या तरसेम सिंग निकालात तसं म्हटलं आहे. एजंटला टक्के देण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

नायकाच्या दोन सोबत्यांनी प्रतिज्ञापत्रं पाठवली. दोघांनीही ‘उजवा खांदा’ असं स्पष्ट लिहिलंय, आणि त्याच आठवड्यातल्या एक्स-रेच्या नोंदीतही उजवाच आहे. अपील परवा स्पीड पोस्टाने गेलं. पावती त्याने फायलीच्या पहिल्या पानाला टाचली आहे.