भरवस्तीत हॉटेल येणार असेल, तर हरकत कशी नोंदवावी

स्कॉटलंडमधील एडिनबरोच्या मध्यभागी धातूच्या फितीच्या वेटोळ्यांसारखे हॉटेल उभे राहिले, तेव्हा लोकांनी त्याला नाना नावे ठेवली. पण बांधून झालेल्या इमारतीला नावे ठेवून काय साधणार? महाराष्ट्रात, विकास आराखड्यात, म्हणजे शहरातील कोणती जागा कशासाठी हे ठरवणाऱ्या आराखड्यात, जागेचे आरक्षण किंवा वापर बदलून हॉटेलला जागा द्यायची असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. त्या जागेवर हॉटेलला आधीपासूनच परवानगी असेल, तर मात्र हा मार्ग उरत नाही.

प्रथम नगररचना विभागात जाऊन नकाशा पाहावा आणि सिटी सर्व्हे क्रमांक उतरवून घ्यावा. मग टेप घेऊन रस्ता स्वतः मोजावा. ‘वाहतुकीची कोंडी होईल’ या वाक्यापेक्षा ‘दुतर्फा दुचाक्या लागल्यावर गाडीसाठी चार मीटरच उरतात’ हे वाक्य खोडून काढणे अवघड असते. ‘इमारत कुरूप आहे’ असे लिहू नये, कारण तो अभिरुचीचा वाद ठरतो. त्याऐवजी शेजारच्या वाड्यांची उंची, सज्जांची रेषा आणि दर्शनी भागाची सामग्री यांच्याशी तुलना छायाचित्रांसह मांडावी. परिसर वारसा यादीत असेल, तर तसा स्पष्ट उल्लेख करावा.

अर्जात सुनावणीची मागणी करावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नये.