लॉगिनची स्क्रिप्ट लिहायला बसण्याआधी

रोज सकाळी तेच पोर्टल उघडायचं, तोच युजर आयडी, तोच पासवर्ड, दोन-तीन क्लिक आणि एक एक्सेल फाइल उतरवून घ्यायची. हे काम स्क्रिप्टवर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, सोपवावंसं वाटणं अगदी रास्त आहे, आणि पायथॉनच्या पंचवीस-तीस ओळींत ते होतंही. पण त्या ओळी लिहिण्याआधी अर्धा दिवस तयारीला द्या, असं मी आग्रहाने सांगेन.

आधी परवानगीचं बघा. खातं तुमचं स्वतःचं किंवा ऑफिसने तुम्हाला दिलेलं हवं, आणि साइटच्या अटींमध्ये स्वयंचलित वापराला मनाई नसावी. लॉगिनच्या पानावर कॅप्चा असेल, तर तिथे समोर माणूसच हवा असं मालकाने सांगून ठेवलंय. तो चुकवायच्या मागे लागू नका. पोर्टलवाल्यांना एक ईमेल टाकून एपीआय, म्हणजे प्रोग्रामने थेट माहिती मागायची अधिकृत वाट, आहे का तेही विचारा. एपीआयची किल्ली मिळाली, तर पुढची बरीचशी खटपट वाचते.

मग एकदा हाताने लॉगिन करा, पण डोळे उघडे ठेवून. क्रोमची इन्कॉग्निटो विंडो उघडा, एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये जा आणि ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिक करा. ती टिक करायची राहिली, तर लॉगिननंतर पान बदलतं आणि नेमकी हवी ती नोंद पुसली जाते. आता लॉगिन करा आणि यादीतली पोस्ट विनंती (फॉर्म सर्व्हरकडे पाठवणारी) शोधून तिचा पेलोड, म्हणजे तिच्यातून गेलेली माहिती, उघडा. युजर आयडी दिसेल, पासवर्ड दिसेल, आणि बहुतेक वेळा तिसरं एक फील्ड दिसेल, जे तुम्ही भरलेलंच नव्हतं. अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ असते ती. हा सीएसआरएफ टोकन, म्हणजे फॉर्म याच साइटच्या पानावरून आलाय हे पटवणारी खूण. जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कवर बांधलेल्या साइटवर त्या फील्डचं नाव ‘सीएसआरएफमिडलवेअरटोकन’ असतं. सर्व्हर तो फॉर्मच्या लपवलेल्या फील्डमध्ये घालून पाठवतो आणि फॉर्म परत आला की तपासतो. म्हणून नुसता आयडी-पासवर्ड पाठवणारी स्क्रिप्ट दारातूनच परत येते. आधी लॉगिनचं पान मागवायचं, त्यातून टोकन काढायचा आणि त्याच सेशनमधून फॉर्म पाठवायचा, हा क्रम वहीत लिहून ठेवा.

‘त्याच सेशनमधून’ हे महत्त्वाचं. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी पद्धतीने बोलतात, तिला मागची विनंती आठवत नाही. ती आठवण राहावी म्हणून नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुली यांनी १९९४ साली कुकी, म्हणजे ब्राउझरने जपून ठेवायची छोटी नोंद, आणली. पायथॉनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीतला सेशन ऑब्जेक्ट या कुकी आपोआप सांभाळतो. दर वेळी नवी सुटी विनंती पाठवली, तर टोकन एका कुकीचा आणि फॉर्म दुसऱ्या कुकीचा असा घोळ होतो.

लॉगिन झालं हे स्क्रिप्टला कशावरून कळणार, तेही आताच ठरवा. सर्व्हरकडून स्टेटस कोड २०० (‘विनंती ठीक’) आला म्हणजे आत गेलो, असं धरू नका; ‘पासवर्ड चुकीचा आहे’ हे सांगणारं पानही बऱ्याचदा २०० घेऊनच येतं. आतल्या पानावरची एखादी पक्की खूण निवडा, ‘लॉगआउट’ची लिंक किंवा तुमचं नाव.

फॉर्म जावास्क्रिप्टने तयार होत असेल आणि विनंती नीट वाचताच येत नसेल, तर खरा ब्राउझर चालवावा लागतो. त्यासाठी ब्राउझर स्क्रिप्टने चालवणारी साधनं आहेत: २००४ पासूनचं सेलेनियम आहे आणि २०२० मध्ये आलेलं मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने प्लेराइट घ्यावं असं माझं मत. बटण दिसेपर्यंत आणि दाबता येईपर्यंत ते स्वतः थांबतं, त्यामुळे जागोजागी ‘पाच सेकंद थांब’ लिहावं लागत नाही.

ओटीपी एसएमएसने येत असेल तर इथेच थांबा आणि पोर्टलवाल्यांकडे वेगळं सर्व्हिस खातं (माणसाऐवजी प्रोग्रामसाठी दिलेलं) मागा. ॲपमधला दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड स्क्रिप्टला तयार करता येतो, पण मग त्याचं गुपित पासवर्डच्या शेजारीच ठेवावं लागतं. दोन कुलपांच्या किल्ल्या एकाच खिळ्याला टांगण्यातला हा प्रकार आहे.

पासवर्ड कोडमध्ये लिहायचा नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडच्या बाहेर, सिस्टिममध्ये ठेवलेल्या मूल्यात) ठेवा किंवा कीरिंग लायब्ररी वापरून विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ठेवा. अशी मूल्यं लिहायची डॉट-ईएनव्ही फाइल वापरणार असाल आणि कोड गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवत असाल, तर पहिल्या कमिटच्या, म्हणजे पहिल्या नोंदीच्या, आधी तिचं नाव गिटइग्नोर या वगळायच्या फाइलींच्या यादीत घाला. एकदा गिटच्या इतिहासात गेलेला पासवर्ड फाइल काढून टाकल्याने जात नाही. तो बदलावाच लागतो.

आता जे मला आधी कुणी सांगायला हवं होतं ते. माझी एक स्क्रिप्ट दर दहा मिनिटांनी चालायची. एका सकाळी पासवर्डची मुदत संपली. स्क्रिप्ट जुनाच पासवर्ड पाठवत राहिली, आणि पाचव्या प्रयत्नाला खातं लॉक झालं. महिनाअखेरचा दिवस. त्याच खात्यावर बिलं चढवणाऱ्या आमच्या सहकारी ताई संध्याकाळपर्यंत खोळंबून बसल्या. तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे: लॉगिन नाकारलं गेलं की दुसरा प्रयत्न नाही. स्क्रिप्टने स्वतःला बंद खूण करून ठेवायची, मला ईमेल करायचा आणि मी हात लावेपर्यंत गप्प बसायचं. नेटवर्क तुटलं तर गोष्ट वेगळी. तिथे वाढत्या अंतराने दोन-तीनदा प्रयत्न चालतात. ४२९ कोड (‘फार विनंत्या येताहेत’) आला तर सर्व्हर सांगेल तितका वेळ थांबायचं.

सराव मात्र खऱ्या पोर्टलवर करू नका. ‘कोट्स टू स्क्रेप’ ही सरावासाठीच बनवलेली साइट आहे. तिच्या लॉगिनला कुठलाही आयडी-पासवर्ड चालतो आणि फॉर्ममध्ये लपवलेला टोकनही असतो. हेरोकूवरच्या ‘द इंटरनेट’ या सरावाच्या साइटवर बरोबर आयडी-पासवर्ड पानावरच लिहिलेला आहे, त्यामुळे चुकीचा पासवर्ड देऊन थांबण्याचा नियम तिथे निर्धास्त तपासता येतो.

शेवटी क्रॉन, म्हणजे लिनक्सवर ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सोय. हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये अडते, कारण तिथे तुमची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स नसतात आणि चालू फोल्डरही वेगळं असतं. प्रत्येक फाइलचा पूर्ण पाथ लिहा. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) आहे का तेही बघा. तसं असेल तर आपल्याकडच्या सकाळी आठसाठी क्रॉनमध्ये अडीच लिहावे लागतात. आणि पहिले दोन-तीन दिवस वेळ अशी निवडा की स्क्रिप्ट चालताना तुम्ही समोर बसलेले असाल.