सर्व्हर प्रशासन शिकण्यासाठी लॅपटॉपवर स्वतःचे जाळे कसे उभारावे

बीसीए, बीएस्सी आयटी, पदविका किंवा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला नेटवर्कच्या ओएसआय नमुन्याचे सात थर तोंडपाठ असतात आणि सबनेटची (जाळ्यातील पत्त्यांच्या विभागणीची) गणितेही सुटतात. पण बंद पडलेल्या सर्व्हरसमोर बसवले, तर आधी काय पाहावे हे अनेकांना सुचत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील यंत्रणा कोणीतरी आधीच लावून ठेवलेली असते आणि ती बिघडू नये म्हणून रूटचे (सर्वोच्च) अधिकार सहसा विद्यार्थ्याच्या हाती दिले जात नाहीत. प्रयोगशाळेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, परंतु ज्याला बिघाड करण्याची मुभा नाही, त्याला दुरुस्तीचा सरावही मिळत नाही. म्हणून लिनक्सच्या मूलभूत आज्ञा येत असतील, तर पुढील अभ्यास स्वतःच्या लॅपटॉपवरील एका छोट्या जाळ्यावर करावा.

आराखडा आधी कागदावर

८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारे आभासी संगणक, चालू शकतात. मात्र त्यांवर डेबियन किंवा रॉकी लिनक्स डेस्कटॉपशिवाय बसवावे आणि प्रत्येकाला १ जीबीच्या आसपास रॅम द्यावी. जुन्या प्रात्यक्षिक वह्यांमध्ये अजूनही सेंटओएस ७ हे लिनक्स आढळते, परंतु त्याची देखभाल ३० जून २०२४ रोजी संपली असल्याने नव्याने शिकणाऱ्याने ते घेऊ नये.

चारपैकी एक मशीन राउटर असेल, दोन सर्व्हर आणि एक क्लायंट. राउटरला दोन नेटवर्क कार्डे द्यावीत: एक नॅटमधून (आतला पत्ता बदलून बाहेर पाठवणाऱ्या सोयीतून) इंटरनेटकडे जाणारे आणि दुसरे व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘इंटर्नल नेटवर्क’मध्ये. उरलेली तिन्ही मशीन फक्त आतल्या जाळ्यात ठेवावीत. वसतिगृहात राहणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मशीन थेट बाहेरच्या जाळ्याला जोडणारा ‘ब्रिज्ड’ पर्याय निवडून आपला डीएचसीपी सर्व्हर (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारा) सुरू केला, तर तो शेजारच्या खोल्यांतील मोबाइलनाही पत्ते वाटू लागेल आणि त्यांचे इंटरनेट बंद पडेल.

आतल्या जाळ्यासाठी १०.०.५०.०/२४ हा पत्त्यांचा पट्टा घ्यावा. १९२.१६८.१.० हा पट्टा अनेक घरगुती राउटर वापरतात, त्यामुळे तो टाळलेला बरा. कोणत्या यंत्राला कोणता पत्ता, हे मशीन सुरू करण्यापूर्वीच वहीत लिहावे.

राउटर आणि डीएचसीपी

लिनक्सचा कर्नल एका कार्डावर आलेले पॅकेट (माहितीचा तुकडा) दुसऱ्या कार्डावर आपोआप पुढे पाठवत नाही. ती सोय मुद्दाम सुरू करावी लागते. ती सुरू करण्यापूर्वी आणि नंतर क्लायंटवरून पिंग करून पाहावे आणि दोन्ही वेळा राउटरच्या दोन्ही कार्डांवर टीसीपीडंप हे पॅकेट दाखवणारे साधन चालवून पॅकेट कुठपर्यंत पोहोचते हे डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये पत्ता बदलण्याचा नियम लिहिला की आतली यंत्रे इंटरनेटपर्यंत पोहोचतात.

डीएचसीपीसाठी ‘किया’ हे सॉफ्टवेअर शिकावे, कारण आयएससी या संस्थेने आपल्या जुन्या डीएचसीपी सर्व्हरची देखभाल २०२२ मध्येच थांबवली आहे. क्लायंट सुरू करताना ६७ आणि ६८ या पोर्टांवर कान ठेवला, तर डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट आणि ॲक हे चार संदेश एकामागून एक दिसतात.

डीएनएस: येथे सर्वाधिक वेळ द्यावा

माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमात एकच सेवा खोलवर शिकायची असेल, तर ती डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा, असावी, कारण वेब, मेल आणि विंडोजची ॲक्टिव्ह डिरेक्टरी (वापरकर्त्यांची खाती सांभाळणारी यंत्रणा) या सगळ्यांचा पाया तीच आहे आणि तिच्यातील बिघाड जवळजवळ नेहमीच दुसऱ्याच सेवेचा बिघाड म्हणून समोर येतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा देखभालीच्या एका आज्ञेमुळे त्यांची डेटा सेंटर एकमेकांना जोडणाऱ्या मुख्य जोडण्या तुटल्या होत्या. डीएनएस सर्व्हर चालू होते, पण डेटा सेंटरशी संपर्क नाही हे पाहून त्यांनी आपल्याकडे येणाऱ्या मार्गांची बीजीपीवरील (इंटरनेटवरील जाळी एकमेकांना मार्ग कळवतात त्या पद्धतीवरील) घोषणाच मागे घेतली आणि जगाच्या दृष्टीने ते नाव नाहीसे झाले.

दोन्ही सर्व्हरवर बाइंड हे डीएनएस सॉफ्टवेअर बसवून एकाला प्रायमरी (मूळ नोंदी ठेवणारा) आणि दुसऱ्याला सेकंडरी (त्यांची प्रत ठेवणारा) करावे. क्षेत्राचे (डोमेनचे) नाव म्हणून ‘लॅब.होम.आर्पा’ घ्यावे, घरगुती जाळ्यांसाठी ‘होम.आर्पा’ २०१८ मध्ये राखून ठेवलेले आहे. मनाला येईल ते डॉट कॉम नाव घेऊ नये, कारण ते खरोखर कोणाच्या तरी मालकीचे असू शकते.

आता प्रायमरीच्या झोन फाइलमध्ये (क्षेत्राच्या नोंदींच्या फाइलमध्ये) वेब सर्व्हरचा पत्ता बदलावा, पण वरचा सिरियल क्रमांक मुद्दाम तसाच ठेवून सेवा रीलोड करावी. त्यानंतर ‘डिग’ या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या आज्ञेने दोन्ही सर्व्हरना तेच नाव विचारावे. प्रायमरी नवा पत्ता सांगेल आणि सेकंडरी जुनाच, कारण आपला सिरियल प्रायमरीच्या सिरियलपेक्षा लहान असेल तरच सेकंडरी नवी प्रत मागवते. वापरणाऱ्याला मात्र एवढेच दिसते की संकेतस्थळ ‘कधी उघडते, कधी उघडत नाही’. अशा वेळी वेब सर्व्हर पुनःपुन्हा रीस्टार्ट करणारे पुष्कळ असतात. प्रायमरीचा लॉग उघडला, तर सिरियल बदललेला नाही आणि प्रत सेकंडरीकडे न जाण्याची शक्यता आहे, असा इशारा बाइंडने तेथे आधीच लिहून ठेवलेला असतो. सिरियलसाठी वर्ष, महिना, दिवस आणि त्यापुढे दोन अंक, ही प्रचलित पद्धत पाळावी.

दुसरा प्रयोग एका टिंबाचा आहे. झोन फाइलमध्ये मेल सर्व्हरचे पूर्ण नाव लिहून शेवटचे टिंब गाळावे. बाइंड त्या नावापुढे क्षेत्राचे नाव पुन्हा जोडतो आणि उत्तर येते ‘मेल.लॅब.होम.आर्पा.लॅब.होम.आर्पा’. असे दुहेरी नाव एकदा पाहिले की नंतर कुठेही दिसले, तरी कारण लगेच ओळखता येते.

दूरस्थ प्रवेश आणि फायरवॉल

एसएसएचसाठी (दूरच्या यंत्रावर सुरक्षित प्रवेश देणाऱ्या सेवेसाठी) किल्ल्यांची जोडी तयार करून पासवर्डचा मार्ग बंद करावा. मात्र हा बदल करताना चालू असलेले सत्र बंद करू नये. दुसऱ्या खिडकीतून नव्याने प्रवेश करून पाहावा आणि तो मिळाल्यावरच पहिले सत्र सोडावे. प्रत्यक्ष सर्व्हर शेकडो किलोमीटर दूर असेल, तेव्हा ही सवयच उपयोगी पडते.

फायरवॉलच्या अभ्यासात दोन त्रुटी-संदेशांतील भेद नीट समजून घ्यावा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे उत्तर लगेच आले, तर बहुधा पॅकेट यंत्रापर्यंत पोहोचले आहे, पण त्या पोर्टावर कोणतीही सेवा ऐकत नाही. बराच वेळ वाट पाहून ‘टाइम आउट’ आले, तर पॅकेट वाटेत हरवले आहे किंवा फायरवॉलने ते गुपचूप टाकून दिले आहे. पहिल्या स्थितीत सेवा तपासावी, दुसऱ्या स्थितीत मार्ग आणि नियम.

बॅकअप, आणि तो परत आणून पाहणे

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा देऊन मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. बॅकअपच्या अनेक व्यवस्था कागदावर होत्या. नेहमीचा बॅकअप आवृत्तीतील फरकामुळे आधीपासूनच फसत होता आणि तसे कळवणारे ई-मेलही नाकारले जात होते. शेवटी सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर (त्या क्षणाच्या प्रतीवर) काम भागवावे लागले. म्हणून आपल्या जाळ्यातही बॅकअप घेऊन थांबू नये. एक सर्व्हर पूर्ण पुसून तो बॅकअपमधून उभा करावा. व्हर्च्युअलबॉक्सचा स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, त्यामुळे त्याला बॅकअप समजू नये.

बिघाडाचा सराव

येथून पुढे एक सोबती हवा. त्याने आपल्या जाळ्यात एक बिघाड करून ठेवावा आणि आपण तो शोधावा: डीफॉल्ट गेटवे काढून टाकणे, डिस्क भरून ठेवणे, फाइलची मालकी बदलणे, घड्याळ दहा मिनिटे पुढे नेणे. घड्याळाचा बिघाड जरूर करून पाहावा, कारण ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ओळख पटवणारी केर्बेरॉस ही पद्धत साधारणपणे पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक चालवून घेत नाही आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारले जाते. यासाठी विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती पुरेशी आहे, मात्र तिच्यासाठी रॅम अधिक लागेल.

प्रत्येक वेळी वहीत लक्षण, आपला अंदाज, केलेली तपासणी आणि खरे कारण या क्रमाने नोंद करावी. लॉग वाचून अंदाज लिहिल्याशिवाय काहीही रीस्टार्ट करायचे नाही, हा नियम दोघांनीही पाळावा.

शेवटी ऑटोमेशन

सर्व्हर आपोआप उभारणारे ॲन्सिबल हे साधन याच टप्प्यावर घ्यावे, त्याआधी नको, कारण जे काम हाताने कधी केलेले नाही, त्याची प्लेबुक (ॲन्सिबलने करायच्या कामांची यादी) चुकली तर ती कुठे चुकली हे कळत नाही. वहीतील नोंदींवरून एकेका सर्व्हरची प्लेबुक लिहावी आणि मग चारही मशीन पुसून संपूर्ण जाळे नव्याने उभारावे. जेथे हाताने आज्ञा द्यावी लागेल, ती पायरी प्लेबुकमध्ये राहून गेली आहे असे समजावे, ती लिहावी आणि मशीन पुन्हा पुसावीत.