गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढू नका

मे महिन्यात खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात बॉनेट वर करून कडेला लावलेल्या गाड्या हमखास दिसतात. पुढे गॅरेजमध्ये त्यांचं काय होतं तेही बहुतेक ठरलेलं असतं. कूलंट बदललं, तरी तापली. वॉटर बॉडी, म्हणजे कूलंट फिरवणारा पंप, बदलली, तरी तापली. शेवटी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, काढून टाकला. एवढी बिलं भरून झाल्यावर कळतं, पंख्याचा रिले, म्हणजे त्याला वीज देणारा छोटा स्विच, गेला होता. गाडी नेमकी कधी तापते, हे आधी बघितलं असतं तर यातलं बरंच टळलं असतं.

कधी तापते, ते आधी बघा

सिग्नलला काटा चढतो आणि गाडी ६०च्या वेगाला लागली की खाली येतो, तर संशय पंख्यावर. धावत्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळतो. उभ्या गाडीला पंख्याशिवाय कोणी नाही. इंजिन चालू ठेवून एसी लावा. मिनिट-दोन मिनिटांत पंखा फिरायला हवा. फिरला नाही तर आधी फ्यूज, मग रिले. त्याच डब्यातला सारख्या नंबरचा दुसरा रिले लावून पाहिला की निकाल लागतो. मग मोटरच्या प्लगवर मल्टिमीटर लावा. १२ व्होल्ट येतात, अर्थिंग ठीक आहे आणि तरी पंखा गप्प, तर मोटर गेली. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर आपोआप लागत नाही, तर तापमानाचा सेन्सर आणि त्याची वायर तपासा. हे करताना बोटं पात्यांपासून लांब ठेवा. गरम इंजिनचा पंखा चावी बंद असतानाही सुरू होऊ शकतो.

उलट, ट्रॅफिकमध्ये ठीक असते पण घाट चढताना किंवा हायवेला तापते, तर कूलंट पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता बाहेर टाकत नाही. बोअरच्या पाण्याचे क्षार नळ्यांत साचलेले असतात, किंवा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत माती, किडे, गवत यांचा थर बसलेला असतो. ही फट समोरून दिसत नाही, म्हणून राहून जाते. ती इंजिनच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरचा जेट जवळून मारला तर बारीक पत्र्या आडव्या होतात आणि वारा जायचा तोही थांबतो. खालचा होज पाइपही बघा. जुना झाला की जास्त आरपीएमला तो ओढीने चपटा होतो. गाडी बंद असताना मात्र अगदी धडधाकट दिसतो. कोणाला तरी ३००० आरपीएम धरायला सांगून, हात लांब ठेवून, त्याच्याकडे नजर ठेवा.

काटा लालपर्यंत चढून अचानक तळाला आला, तर सुटलो असं समजू नका. बहुधा कूलंट संपलेलं असतं आणि सेन्सर नुसत्या वाफेत लटकत असतो. त्याच जागी इंजिन बंद करा. तापमानाबरोबर बॅटरीचाही दिवा लागला, तर बेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी, कारण अनेक गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर बॉडी एकाच पट्ट्यावर फिरतात. तशी गाडी पुढच्या ढाब्यापर्यंतही नेऊ नका.

झाकण

पाणी आणि कूलंटचं निम्मंनिम्मं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. झाकण त्यावर ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवतं, म्हणून ते १२५ च्या आसपासही द्रवच राहतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते सगळं वाफ होऊन तोंडावर येतं. किमान पाऊण तास थांबा, वरचा होज गार आणि मऊ लागला तरच जाड फडकं धरून हळू उघडा. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं. तिथे कूलंटच्या बाटलीतच दाब असतो, तेव्हा तिलाही हाच नियम. थांबायचं जमत नाही म्हणून तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतणं त्याहून वाईट, त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

काटा नुसता चढायला लागला असेल तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. गाडीत घाम फुटेल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. चढाला इंजिन तिसऱ्यात कण्हत असेल तर दुसरा टाका. आरपीएम वाढले की वॉटर बॉडीही जोरात फिरते.

थर्मोस्टॅट काढल्याने काय होतं

बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतात. आकडा त्यावरच कोरलेला असतो. काढून टाकला की इंजिन कामाच्या तापमानाला पोचायला फार वेळ घेतं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ते थंडच समजून जास्त पेट्रोल सोडतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि स्कॅनरवर पी०१२८ (कूलंट पुरेसं तापत नाही) हा कोड दिसू शकतो. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहून थोडं कूलंट रेडिएटरला न जाताच फिरतं, म्हणजे तापणं तसंच राहतं. संशय असेल तर तो काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगा, थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. कोरलेल्या आकड्याच्या जवळपास उघडायला लागला आणि उकळीपर्यंत पूर्ण उघडला, तर तो निर्दोष आहे.

हळद, बोअरचं पाणी आणि अडकलेली हवा

गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकायचा तोडगा गावोगाव चालतो. गळती कधी कधी थांबतेही. पण तीच हळद हीटरच्या बारीक नळ्यांतही बसते. कूलंटसोबत डिस्टिल्ड पाणीच वापरा, आणि डब्यावर तयार मिश्रण असं लिहिलं असेल तर त्यात डिस्टिल्ड पाणीही घालू नका. रंग सारखा म्हणून दोन प्रकारची कूलंट मिसळू नका. रंगावरून आतलं रसायन कळत नाही.

भरताना घाई केली की आत हवा पकडते आणि दुरुस्त झालेली गाडी पुन्हा तापते. थंड इंजिनमध्ये सावकाश भरा, हीटर गरमवर ठेवा, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवा. पंखा दोनदा लागून बंद होऊ द्या. इंजिन पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा. ती उतरलेली असते.

हेड गॅस्केट

हेड आणि त्याखालचा इंजिनचा ब्लॉक यांच्यामधलं सील म्हणजे हेड गॅस्केट. थंड इंजिन सुरू करताच काही मिनिटांत वरचा होज कडक होतो, बाटलीत सतत बुडबुडे येतात, गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नाही: यातलं काही दिसलं तर ब्लॉक टेस्ट करून घ्या. पेट्रोल इंजिनचा जळका वायू कूलंटमध्ये येत असेल तर टेस्टचा निळा द्रव पिवळा पडतो. नुसत्या ऑइलच्या झाकणाखालच्या दुधी सायीवर हेड उघडू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती दमटपणानेही जमते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधी असेल तर गोष्ट वेगळी.

हेड उतरवलंच तर सरळ पट्टी आणि फीलर गेजने सपाटी मोजायला सांगा. अनेक छोट्या इंजिनांत ०.०५ मिमीच्या वर वाक चालत नाही. न मोजता नवं गॅस्केट बसवलं तर ते थोड्याच दिवसांत पुन्हा जातं. काही इंजिनांचे हेड बोल्ट कसताना ताणले जातात आणि एकदाच वापरायचे असतात, तेव्हा अंदाजपत्रकात ते धरलेत का हेही विचारा.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा उघड्या ट्रेमध्ये ठेवू नका. ते गोड लागतं म्हणून कुत्री पितात, मांजरंही तोंड लावतात, आणि मरतात. बंद कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.