दिवस गेल्यावर संबंध ठेवावेत का?

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते. सासू शेजारी बसलेली असताना हा प्रश्न कोण विचारणार? म्हणून वजन करायच्या निमित्तानं मी सुनेला आत घेते आणि आपणच विषय काढते.

सगळं ठीक असेल तर हरकत नाही. बाळाला लागत नाही. ते पाण्यात असतं, गर्भपिशवीचं तोंड मिटलेलं असतं.

आधी सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवा. वार, म्हणजे बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती, खाली, पिशवीच्या तोंडावर असेल तर संबंध नकोत. पण पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार बहुतेकींची पुढं वर सरकते, तेव्हा पुढच्या सोनोग्राफीनंतर पुन्हा विचारा. पिशवीच्या तोंडाला टाका घातलाय किंवा आधीचं बाळंतपण दिवस भरायच्या आत झालंय, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्त किंवा पाणी जात असेल तर विचारत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

सुरुवातीला उलट्या, स्तन दुखतात, इच्छाच होत नाही. नवऱ्याला स्पष्ट सांगा. 'नको' म्हणायला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. चौथ्या-पाचव्यात कित्येकींना उलट जास्त हवंसं वाटतं, त्यातही लाजण्यासारखं काही नाही.

पोट वाढलं की उताणं झोपू नका, पिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि चक्कर येते. कुशीवर झोपा, पोटाखाली उशी घ्या, नवरा पाठीमागून. नाहीतर तुम्ही वर, म्हणजे किती आणि कसं ते तुमच्या हातात. योनीत फुंकर मात्र कधीच मारायची नाही. हवा रक्तात शिरली तर जिवावर बेततं. संबंधानंतर पोट कडक होतं, थोडं पडून राहिलं की सैल पडतं. कळा थांबेनात तर रात्र असो, १०८ ला फोन करा.

नोंदणीच्या वेळी एचआयव्ही आणि सिफिलीसची तपासणी होते, ती नवऱ्यानंही करावी. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत आणि काही शंका असेल तर नऊही महिने निरोध वापरा, आमच्याकडं फुकट मिळतो. आजार आईकडून बाळाला जातो, हे पुरुषांना कुणी सांगतच नाही.

बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे थांबा. पाळी आली नसली तरी दिवस राहतात, म्हणून तांबी बसवायची का, ते माहेरी जायच्या आधीच दोघांनी ठरवा.