बदकांच्या शिकारीसाठी सेमी-ऑटो शॉटगन घेताय? या चुका टाळा

सप्टेंबर लागला की इथे मिनेसोटात ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतोच, दादा सीझनसाठी बारा बोअर सेमी-ऑटो (एक बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी) घ्यायचीय, कुठली टिकेल? (भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हे सगळं इथल्या लायसन्सवाल्यांसाठी.)

पहिली चूक म्हणजे बंदूक चालते कशावर हेच न विचारणं. गॅसवालीत नळीतला थोडा गॅस पिस्टनला ढकलतो, खांद्याला धक्का कमी बसतो पण आत काजळी साचते. बेनेली एम२ सारखी इनर्शियावाली (बार झाल्यावर मागे बसणाऱ्या धक्क्यावर चालणारी) स्वच्छ राहते, चिखलपाण्यात बरी, पण तिला चालायला धक्काच लागतो. म्हणजे तुम्ही ७/८ औंस छर्ऱ्यांची हलकी काडतुसं घातली, दस्ता खांद्याला सैल धरला किंवा बंदुकीवर जड सामान लटकवलं की रिकामं काडतूस अर्ध्यात अडकतं, आणि लोक म्हणतात बंदूकच खराब. आधी जरा दमदार काडतूस घालून, दस्ता घट्ट टेकवून बघा.

दुसरी माझ्या हातून झालेली. पहाटे पाणकणसात बसलो होतो, आवाज नको म्हणून बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा भाग) हाताने हळूच पुढे सोडला, बदकं अगदी डोक्यावर आली, ट्रिगर दाबला तर नुसतं टक्. बोल्ट पूर्ण फिरून लॉकच झाला नव्हता. बोल्टचं हँडल पूर्ण मागे ओढून सोडूनच द्यायचं, मग अंगठ्याने पुढे दाबून खात्री करायची. आणि टक् झालं तरी नळी तीसएक सेकंद सुरक्षित दिशेलाच ठेवा, लगेच उघडू नका.

साडेतीन इंची चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं ती जागा) मागे लागू नका, तीन इंची भरपूर झाली. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, स्टील किंवा तसलेच बिनविषारी छर्रे वापरावे लागतात, म्हणून कोणाच्या आजोबांची जुनी फुल चोकवाली (नळीचं तोंड खूप आवळलेली) बंदूक स्वस्तात मिळाली तरी तिच्यात स्टील घालू नका, नळी फुगू शकते. मी मॉडिफाइड, म्हणजे मध्यम आवळलेला चोक लावतो. शिवाय मॅगझिनमध्ये (जादा काडतुसं राहतात ती नळी) प्लग, म्हणजे जास्त काडतुसं भरू न देणारी दांडी, आहे ना बघा, बदकांवर एकूण तीनच काडतुसं चालतात.

तेल! थंडीत जाड तेल घट्ट होतं नि बोल्ट रेंगाळतो. पुसून काढा, बोटावर जेमतेम चकाकी येईल इतकंच ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे दुकानात कोणी सांगत नाही. एम२ काय किंवा रेमिंग्टन ११०० काय, बोल्ट पुढे ढकलणारी स्प्रिंग दस्त्याच्या आत नळकांड्यात असते, तिथे पाणी शिरलं की गंज चढतो आणि दोन-तीन सीझनमध्ये बोल्ट सुस्त होतो, बाहेरून बंदूक मात्र नवीकोरी. बेरेटा ए३०० अल्टिमात ती पुढे मॅगझिनच्या नळीभोवती असते, टोपी काढली की समोर, म्हणून नवख्याला मी तीच सुचवतो. ११०० असेल तर तिचं रबरी ओ-रिंग (गॅस अडवणारं गोल कडं) चिरतं, गॅस निसटतो, बंदूक अडकते. चिल्लर किमतीची वस्तू आहे, दोन नग खिशात ठेवा.

जुनी घेत असाल तर आधी चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, मग दुकानदाराला दस्ता काढून दाखवायला सांगा. स्प्रिंगवर तांबूस गंज दिसला तर नवीन स्प्रिंगचे पैसे कापून घ्या, आणि तो उघडायलाच तयार नसेल तर ती बंदूक तिथेच सोडा.