टोकियोत एक दिवसाचा खासगी गाईड घेताय? या चुका टाळा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की माझ्या फोनवर एकाच साच्यातले मेसेज यायला लागतात. "ताई, आमच्याकडे एकच दिवस आहे, टोकियो पूर्ण कव्हर करायचंय." खाली दहा-बारा ठिकाणांची यादी, बहुतेक रील्समधून उचललेली. मी टोकियोत गाईडचं काम करते, त्यामुळे या यादीचं पुढे काय होतं ते मला रोज दिसतं. खासगी गाईडचे पैसे काही थोडे नसतात. लोक वर्षभर साठवून येतात आणि तो दिवस टाळता येण्यासारख्या चुकांपायी धावपळीत घालवतात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

जागांची यादी पाठवता, माणसांबद्दल काहीच सांगत नाही

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक.

मागे दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याचं एक कुटुंब आलं होतं. आजी, मुलगा, सून, नणंद आणि दोन नातवंडं. बुकिंग एका एजंटामार्फत झालेलं. मी आधी विचारलं होतं, "कुणाला चालायचा, जिन्यांचा त्रास आहे का?" उत्तर आलं, "नाही नाही, आई रोज फिरायला जाते." हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली त्यावर विसंबतच नाही. सोसायटीच्या बागेत अर्धा तास फिरणं वेगळं. टोकियोत दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात, त्यातली बरीचशी स्टेशनांच्या पोटातच. लिफ्ट असते, पण प्लॅटफॉर्मच्या भलत्याच टोकाला.

त्या दिवशीचा बेत असा: सकाळी त्सुकिजीचा बाहेरचा बाजार, मग असाकुसा, एक वाजता तोयोसूला टीमलॅब प्लॅनेट्स हे डिजिटल कलेचं संग्रहालय, मग इलेक्ट्रॉनिक्स आणि अ‍ॅनिमेची अकिहाबारा बाजारपेठ, मग मेइजी जिंगू हे शिंतो देवस्थान आणि सूर्यास्ताला शिबुया स्काय, म्हणजे उंच इमारतीवरची शहर बघायची गच्ची. टीमलॅब आणि शिबुया स्कायची ठरलेल्या वेळेची तिकिटं त्यांनी स्वतःच काढून ठेवली होती. नोव्हेंबरात टोकियोत पाचच्या आत सूर्य मावळतो, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

त्सुकिजीहून असाकुसाला जायला फोनवरचा नकाशा वीसेक मिनिटं दाखवतो. सहा माणसांना, दोघांना बाथरूम आणि एकाला टोपी घ्यायची असताना, पाऊण तास लागतो. असाकुसातल्या सेन्सोजी या बौद्ध देवस्थानात मुख्य मंदिरासमोर उदबत्त्यांचं एक मोठं धूपपात्र आहे. तिथला धूर दुखऱ्या भागावर घेतला की बरं वाटतं, अशी श्रद्धा आहे. मी हे सांगितल्यावर आजी थांबल्या, दोन्ही हातांनी धूर गुडघ्यांकडे ओढायला लागल्या. म्हणजे गुडघे दुखत होते! इतक्यात मुलगा घड्याळ दाखवत म्हणाला, "आई, चल, एकचा स्लॉट आहे."

चालता चालता आजींनी मला विचारलं, "काय गं, इकडे आपला गणपती नाही का कुठे?" आहे की. सेन्सोजीपासून चालत दहा मिनिटांवर, सुमिदा नदीच्या अंगाला, मात्सुचियामा शोदेन म्हणून एका टेकाडावरचं मंदिर आहे. तिथली देवता कांगितेन, म्हणजे गणपतीचंच जपानी बौद्ध रूप. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, पण लोक पांढरे मुळे वाहतात आणि मंदिरावर जागोजागी मुळ्याची चिन्हं कोरलेली आहेत. वर जायला छोटी रेल्वेसारखी गाडीसुद्धा आहे, म्हणजे गुडघ्यांचाही प्रश्न नाही. आजी वर्षानुवर्षं संकष्टी करणाऱ्या. हे मला एका ओळीने आधी कळलं असतं तर मी त्यांचा सकाळचा बेत तिथूनच सुरू केला असता. आता वेळ नव्हता.

टीमलॅब प्लॅनेट्समध्ये अनवाणी जावं लागतं आणि एका दालनात गुडघ्याइतक्या पाण्यातून चालायचं असतं. आजी साडीत होत्या. त्या बाहेर बाकावर बसल्या, मी त्यांच्यासोबत. अकिहाबारा आणि मेइजी जिंगू दोन्ही गळले. शिबुयाला पोचलो तेव्हा आजींना पाऊल टाकवत नव्हतं. बाकीचे २२९ मीटर उंचावर फोटो काढायला गेले आणि आजी खाली माझ्याशी त्यांच्या गावच्या जत्रेबद्दल बोलत बसल्या. त्या एका शब्दानेही कुरकुरल्या नाहीत. मला मात्र तो दिवस अजून टोचतो, कारण हे सगळं एका फोनवर सुटलं असतं.

म्हणून आता मी यादी मागतच नाही. प्रत्येकाचं वय विचारते, आणि घरातल्या प्रत्येकाने स्वतःच्या आवाजात एक व्हॉइस नोट पाठवायची: "हे नाही पाहिलं तर मला चुटपुट लागेल." आजीची वेगळी, सातवीतल्या मुलाची वेगळी. त्यातून दिवस आपोआप ठरतो. सकाळी एक ठिकाण, जेवणानंतर एक, संध्याकाळी एक आणि मध्ये तासभर पूर्ण मोकळा. तेही शहराच्या एकाच अंगाला. पूर्वेकडे असाकुसा, उएनो, र्‍योगोकू, स्कायट्री. किंवा पश्चिमेकडे मेइजी जिंगू, हाराजुकू, शिबुया, शिंजुकू. दोन्ही बाजू एका दिवसात करून दाखवतो म्हणणारा गाईड तुम्हाला शहर दाखवत नाही, रेल्वे दाखवतो.

आणि आई-वडिलांचं दुखणं लपवू नका. व्हीलचेअर लागत असेल तर सांगा. स्टेशनवरचा कर्मचारी डब्याला फळी लावून चढवून देतो, उतरायच्या स्टेशनवर दुसरा कर्मचारी फळी घेऊन उभा असतो. मेइजी जिंगूच्या जाड खडीच्या वाटेवर काय करायचं तेही ठरवता येतं. यात कमीपणा काहीच नाही.

"आम्ही व्हेज आहोत" एवढंच सांगणं

टोकियोत या वाक्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी, म्हणजे अर्क उतरवलेलं पाणी. हे पाणी बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं, म्हणजे वाळवून किसलेल्या बोनिटो माशाचं असतं. मिसो सूपमध्ये ते असतं, सोबा-उदोन नूडल्सच्या रश्श्यात असतं, तेम्पुराबरोबर, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या पदार्थांबरोबर, येणाऱ्या पातळ सॉसमध्येही असतं. भाज्यांचा तेम्पुरा मागवला तरी तेल बहुतेकदा कोळंबी तळलेलंच. तयार करी रूमध्ये, म्हणजे करीच्या मसाल्याच्या तयार वड्यांत, प्राण्यांची चरबी असू शकते. दुकानातल्या ओनिगिरीवर, म्हणजे भाताच्या गोळ्यावर, आत काय आहे ते लिहिलेलं असतं, पण माशाच्या अर्काचा उल्लेख मागच्या बारीक जपानी अक्षरांत.

एका जैन कुटुंबाने मला दुपारी एक वाजता, रांगेत उभं असताना सांगितलं की कांदा-लसूण आणि कंदमुळंही चालत नाहीत. बुकिंगच्या वेळी फक्त "व्हेज" लिहिलेलं होतं. समोरचं दुकान आठ खुर्च्यांचं, आत एकटा म्हातारा मालक. त्याला "हे काढून ते घाला" म्हणणं शक्य नसतं. त्याचा रस्सा पहाटेच बनलेला असतो. तो नम्रपणे, खूप वेळ घेऊन, मान खाली घालून नकार देतो आणि बिचाऱ्याला स्वतःलाच अपराधी वाटतं. तोवर पोरं भुकेने रडवेली झालेली. दोन वाजले की बऱ्याच ठिकाणी दुपारच्या ऑर्डरी बंद होतात, ते थेट संध्याकाळी उघडतात. शेवटी केळी, साधा भात आणि आमच्याच पिशवीतले खाकरे यावर दिवस निघाला.

तर बुकिंग करतानाच चार गोष्टी लिहून द्या. अंडं चालतं का? माशाचं पाणी असलेला रस्सा चालतो का? कांदा-लसूण? कंदमुळं? आणि हे घरातल्या प्रत्येकाचं वेगळं लिहा, कारण एकाच घरात बाबा पक्के शाकाहारी आणि मुलगा सुशी खाणारा असतो. मग सोय होते. उएनो-ओकाचिमाचीच्या पट्ट्यात भारतीय उपाहारगृहं आहेत. निशी-कासाईला तर आपल्या लोकांची वस्तीच आहे. जपानीच चव हवी असेल तर बौद्ध मठांमधलं शोजिन र्‍योरी सुंदर असतं: मांस-मासे नाहीत, परंपरेने कांदा-लसूणही नाही. पण त्यात मुळा, गाजर, कमळकाकडी भरपूर, म्हणजे जैनांना ते चालायचं नाही, आणि आधी टेबल राखून ठेवावं लागतं. मी जपानीत छापलेलं एक कार्ड नेहमी जवळ ठेवते, त्यावर काय चालतं आणि काय नाही ते स्पष्ट लिहिलेलं असतं. तुम्हीही गाईडकडून तसं लिहून घ्या, पुढचे दिवस एकट्याने फिरताना लागेल. पिशवीत थेपले, खाकरे, लाडू असू द्याच. फक्त चालता चालता किंवा लोकल गाडीत खाऊ नका, इथे ते बरं दिसत नाही.

स्वस्तातली गाडी

"गाईडच गाडी चालवेल आणि फिरवेल, अर्ध्या पैशांत." ही जाहिरात दिसली की आधी नंबरप्लेट विचारा. आपल्याकडे भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी असते, तशी जपानात प्रवासी भाड्याच्या गाडीला हिरवी, त्यावर पांढरे आकडे. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, आणि परवानगीशिवाय पैसे घेऊन तिच्यातून प्रवासी नेणं बेकायदा आहे. अपघात झाला तर विम्याचं काय, या प्रश्नाचं उत्तर त्या माणसाकडे नसतं. लेकराबाळांना घेऊन असा धोका का पत्करायचा, हे मला कधीच समजलेलं नाही.

गाईडच्या परवान्याचं थोडं वेगळं आहे. २०१८ पासून कायदा बदलला, त्यामुळे परवाना नसलेली व्यक्तीही पैसे घेऊन गाईडचं काम करू शकते. पण परकीय भाषा, जपानचा इतिहास, भूगोल यांची सरकारी परीक्षा दिलेल्या गाईडकडे नोंदणीचं ओळखपत्र असतं. ते दाखवायला सांगा, कुणी रागवत नाही. परवाना नसलेल्यांतही फार चांगली माणसं आहेत. मात्र त्यांच्याशी आधी दहा मिनिटं फोनवर बोलल्याशिवाय बुकिंग करू नका.

टोकियो आणि फुजी, एकाच दिवसात

नको. फुजी पर्वत बघायला लोक जातात ते कावागुचिको टोकियोपासून साधारण शंभर किलोमीटरवर आहे. रस्ता मोकळा असला तर जायला दोन तास, शनिवार-रविवारी परत येताना किती ते कुणी सांगू शकत नाही. शिवाय उन्हाळ्यात फुजी बहुतेकदा ढगात असतो. तो नीट दिसतो हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी. फुजीला जायचंच असेल तर वेगळा दिवस द्या, आणि तो हवामान बघून ठरवता येईल असा ठेवा.

आणखी काही, थोडक्यात

उतरलात त्याच दिवशी टूर ठेवू नका. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. इथले सकाळचे नऊ म्हणजे तुमच्या शरीराचे साडेपाच, त्यात रात्रभरचं विमान.

सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. राजवाड्याची पूर्व बाग सोमवारी आणि शुक्रवारी बंद. त्सुकिजीतली बरीच दुकानं रविवारी उघडत नाहीत, आणि इतर दिवशीही दुपारी दोनपर्यंत आवराआवर सुरू होते.

साध्या टॅक्सीत चारच प्रवासी बसतात. चौघं तुम्ही आणि पाचवा गाईड, म्हणजे दोन टॅक्सी. मोठी गाडी हवी तर आधी सांगा.

सुइका, म्हणजे गाड्यांचं भाडं भरायचं कार्ड, माणशी एक लागतं. एकाच कार्डावर सगळं घर आत जात नाही.

फक्त टोकियोसाठी जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास, घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास ५०,००० येनचा झाला, आणि मेट्रोत तो चालतही नाही.

सकाळी साडेसात ते साडेनऊ लोकलमध्ये मुलांना घेऊन चढू नका. लवकर निघायची हौस असेल तर असाकुसाजवळ मुक्काम करा आणि सातला सेन्सोजीत चालत जा. दुकानं बंद असतात, पण मंदिर उघडं असतं आणि गर्दी नसते.

गाईडचं मानधन बहुधा पूर्ण गटाचं असतं, माणशी नसतं. त्याचा दिवसभराचा प्रवासखर्च, प्रवेशशुल्क आणि दुपारचं जेवण मात्र सहसा तुमच्याकडे. हे आधीच लेखी विचारून घ्या. स्वयंसेवक गाईड मानधन घेत नाहीत, पण त्यांचेही हे खर्च तुम्हीच करायचे. ते फुकट मिळतात म्हणून त्यांना सामान उचलायला लावणाऱ्यांचा मला राग येतो. टिप देण्याची पद्धत नाही.

भेटायची जागा हॉटेलची लॉबी ठेवा. शिबुया स्टेशनबाहेर "हाचिको कुत्र्याच्या पुतळ्यापाशी" ठरवलंत तर त्याच पुतळ्यापाशी आणखी शेकडो माणसं कुणाची तरी वाट बघत उभी असतात.

टूर कुठे संपणार तेही विचारा. बरेच गाईड शेवटच्या ठिकाणीच निरोप घेतात, हॉटेलपर्यंत येत नाहीत. निघण्याआधी त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या: कोणती लाईन, कोणत्या दिशेची गाडी, कुठे उतरायचं आणि बाहेर पडायच्या दरवाजाचं नाव किंवा नंबर. शिंजुकू स्टेशनला असे दोनशेच्या वर दरवाजे आहेत. चुकीच्या दरवाजाने बाहेर पडलात तर समोर दिसणाऱ्या हॉटेलपर्यंत पोचायलाही अर्धा तास जातो, आणि तोवर गाईडची गाडी सुटलेली असते.